साहेबाची ठेव

काचेच्या पेटीवरची चिठ्ठी वाचली आणि माझं डोकंच फिरलं. 'सांभाळणाऱ्यांच्या अज्ञानामुळे डागाळलेली कागदपत्रे.' अज्ञानामुळे म्हणे! कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचं पिढीजात धान्याचं दुकान, मी कॉलेजात शिकवते, आणि शेजारी माझ्या सासूबाई, अक्काताई, चष्मा सावरून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. प्रदर्शनाला कागद द्यायचे ते याच्यासाठी?

कागद लेनार साहेबाचे. पार संस्थानी काळात फ्रान्सहून आलेला हा माणूस कोल्हापूरच्या फौजेत तोफा चालवायला शिकवायचा. पन्हाळ्याच्या मोहिमेवर निघताना त्यानं नेमणुकीचं पत्र, तोफांचे नकाशे, आईची पत्रं असं सगळं गाठोडं आमच्या पूर्वजांकडे ठेवलं. 'आलो की नेतो' म्हणाला. आलाच नाही. तेव्हापासून दर दिवाळीला दुकानाच्या वह्यांबरोबर ते गाठोडंही सुटतं, झटकलं जातं, उन्हाला लागतं आणि पूजेला मांडलं जातं. परक्याची ठेव, म्हणून कागदाला कुंकवाचं बोट. हेच यांचे डाग!

प्रदर्शनाचे प्रमुख विश्वजित लगबगीनं आले. "डागांची काळजी करू नका. रसायनानं सगळे काढून टाकू. तुम्ही फक्त मालक म्हणून इथं सही करा, कागद कायमचे संस्थेत राहतील."

"पावणं," अक्काताईंचा आवाज दालनभर घुमला, "साहेबाच्या पलटणीचं सरकारी दप्तर कुठं हाय?"

"ते... वाळवीनं खाल्लं."

"का खाल्लं? कुणी उघडून बघितलं न्हाय म्हणून. आमी दरसाल बघितलं, म्हणून ह्ये ऱ्हायलं. आनि अडाणी आमीच, व्हय?"

लोक वळून बघायला लागले. बघू देत! मीही ती चिठ्ठी टराटरा फाडली आणि वर चार शब्द सुनावले.

विश्वजित वरमले. "चिठ्ठी बदलतो. पण डाग काढावेच लागतील."

"मग पेटी उघडा," अक्काताई म्हणाल्या.

बराच वाद झाला, पण शेवटी पेटी उघडावीच लागली. अक्काताईंनी कागद फडक्यात बांधले आणि गाठोडं छातीशी धरलं. विश्वजितांनी तणतणत पावती आणि खिशातलं पेन पुढे सरकवलं. "कागद परत मिळाले म्हणून मालकाची सही लागेल."

अक्काताईंनी पेन त्यांच्याच खिशाला लावलं.

"मालक पन्हाळ्याला गेलाय. आला की करंल."