खळ्यातली हाक

चैत्राची सकाळ. कोवळी, केशरी, परिमळानं जडावलेली सकाळ. समुद्राकाठच्या त्या छोट्याशा वाडीत सुरंगीला बहर आला होता. फांदीफांदीला, अंगाखांद्याला, जिथं जागा मिळेल तिथं कळ्या लगडल्या होत्या. त्या गंधानं मधमाश्या खुळावल्या होत्या आणि माणसंही फार शहाणी उरली नव्हती.

शिडीवर उभी राहून रत्नप्रभा कळ्या खुडत होती. ऊन चढायच्या आत खुडाव्या लागतात. उमललेली कळी गजऱ्याच्या कामाची राहत नाही. गेली दोन वर्षं ती साऱ्या बाजाराच्या अंबाड्यांसाठी गजरे ओवत होती. स्वतः एक पाकळी माळली नव्हती. नवरा जिवंत असून तिनं वैराग्य पत्करलं होतं, आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं.

तो नवरा, वासुदेव, खाली खळ्यात, घरापुढच्या अंगणात, लाकडं फोडत होता. दोन वर्षांपूर्वी गोव्यात कामाला म्हणून गेला आणि तिथल्या एका बाईच्या घरी राहिला. होळीला परतला तो मान खाली घालून. रत्नप्रभेनं दार लावून घेतलं. तेव्हापासून तो अंगणातल्या मांडवाखाली निजे, विहिरीचं पाणी शेंदी, बाहेरच जेवे. उंबरठा हातभर अंतरावर होता, आणि सात समुद्रांपलीकडे होता.

लोकांनी तिला नाही नाही ते सांगितलं होतं. सारं तिनं गिळलं. पण भर बाजारात तो त्या बाईला नावानं हाक मारतो, हे कानावर आलं आणि ती मुळापासून हलली. कारण या वाडीतले नवरे बायकोला नावानं हाकारत नाहीत. खळ्यात येतात आणि घसा खाकरतात. त्या खाकरण्याला ती वीस वर्षं धावली होती. तव्यावरची भाकरी टाकून धावली होती, तान्ही लेक पदराखालून दूर करून धावली होती. आता लेक सासरी गेली, आईबाप तर कधीच गेले होते. तिचं नाव उच्चारणारं जवळ कुणी उरलं नव्हतं.

ऊन चढलं. टोपली भरली. ती घरात गेली. मागोमाग वासुदेवानं पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर पायरीवर ठेवली आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, घसा खाकरला.

दार किलकिलं झालं.

"खोकलो झालो आसात तर डाक्टराकडे जावा," ती म्हणाली. "माका नाव आसा."

दार मिटलं. आतून कडी लागली.

शेजारची बायजाकाकू वाळवण घालता घालता थांबली. "रे वासू, तोंडात केळा धरलंस काय?"

वासुदेव कानांपर्यंत लाल झाला. परक्या गावात जी जीभ बेलगाम सुटली होती, ती स्वतःच्या दारात टाळूला चिकटली.

आत, दाराला पाठ लावून, रत्नप्रभा उभी होती. आज नाव आलं नाही, तर त्याला जिथून आला तिथं कायमचं धाडायचं, तिनं ठरवून टाकलं. ठरवलं मात्र, आणि हात आपसूक कडीकडे गेला. तिनं तो मागे घेतला. तिला तो हवा होता. लाज वाटावी इतका हवा होता.

"रत्ना…" बाहेर आवाज अडखळला. मग, कोंडलेलं पाणी बांध फोडतं तसा, "रत्नप्रभा!"

फाटका, घाबरा, उघडाबोडका स्वर. माडांवरून गेला, कौलांवरून गेला. बायजाकाकूच्या हातातला पापड तसाच राहिला.

वीस वर्षांची तहान एका घोटानं कशी भागेल?

"रत्नप्रभा! चुकलंय गो मी!"

तिचे डोळे झरत होते. तिनं पुसले नाहीत. नाव तिनं कानांत मुरू दिलं, रक्तात उतरू दिलं.

"रत्नप्रभा…" आता आवाज हलका होता, भिजलेला होता, तिच्या एकटीसाठीच होता.

कडी निघाली. दार सताड उघडलं. आणि उन्हानं न्हालेल्या त्या खळ्यात, चाळिशीतल्या त्या बाईनं, परकरातल्या पोरीच्या आवाजात, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओ दिली.