धाकट्या जावेचा रस्सा

"जाऊबाई, एवढं मीठ बघता? माझा रोजा आहे." लोजानं पळी पुढं केली.

सब्बेनं पळीकडे पाहिलं, मग धाकट्या जावेच्या डोक्यावरच्या नव्या पांढऱ्या फडक्याकडे.

पूर्वेकडच्या बेटांवरल्या मकास्सरच्या राजवाड्यातलं हे स्वयंपाकघर गेल्या वर्षापर्यंत सब्बेचं होतं. लवंगांची गलबतं वाढली, शेजारची राज्यं एकेक करून नमली, आणि प्रत्येक विजयाच्या मेजवानीला डुक्कर भाजलं ते सब्बेनं. कातडं असं कुरकुरीत की सरदार बोटं चाटत. लोजा तेव्हा मागच्या अंगणात रेड्याची आतडी धूत असे.

मग राजानं इस्लाम स्वीकारला. डुकरं डोंगरात हाकलली गेली आणि रेड्याच्या रश्शासाठी लोजाला चुलीपाशी बोलावणं आलं. सब्बेनं अजून कलमा म्हटला नव्हता. तिला कांदे सोलायला बसवलं होतं. "लोजाच्या हाताला काय चव आहे," असं वाढपी म्हणाले की तिच्या पोटात दुखायचं.

तिनं रस्सा जिभेवर घेतला. आलं, गवती चहा, भाजलेलं खोबरं, सगळं जमलं होतं. इतकं, की तिला रागच आला. फक्त मीठ पडलंच नव्हतं.

"छान झालाय," ती म्हणाली.

सूर्य बुडाला, रोजा सुटला, आणि थोड्याच वेळात कारभारी तणतणत आत आला. "हे काय पाणी उकळून पाठवलंय? बाहेर परमुलखाचे सरदार बसलेत. चाखलं कुणी होतं?"

सब्बेचा हात कांद्यावर थांबला.

"कुणी नाही. चूक माझीच," लोजा म्हणाली, आणि मान खाली घालून तिनं सगळं ऐकून घेतलं. सब्बेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पळी पुन्हा पुढं आली.

"दुसऱ्या कुणाला तरी विचार."

"दुसऱ्यांना काय कळतंय त्यातलं?" लोजा म्हणाली. "काल तुमची जीभ रुसली होती. आज बघा."

सब्बेनं चाखलं.

"मीठ हवंय. आणि आच कमी कर, तळाला लागेल."

मूठभर मीठ तिनं स्वतःच्या हातानं टाकलं, रस्सा ढवळला. मग पळी हातात धरून ती तशीच उभी राहिली. इथं वस्तूंच्या जागा आता लोजा ठरवत होती.

"ही कुठं ठेवू?" तिनं विचारलं.