पाण्यात वाजणारा टाळ

"राधेश्यामभाऊ, मान सोडा! सर म्हणून राह्यले, मान सोडा!" सरांची मदतनीस सुमेधा पोहण्याच्या तलावाच्या काठावरून ओरडली.

सर काहीच म्हणत नव्हते. पोहणं शिकवणाऱ्या कल्याणसरांनी फक्त स्वतःची मान सैल करून दाखवली होती. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ते गळ्यातल्या भोकातून श्वास घेत. भोकावर पांढरं जाळीदार फडकं. तिथून पाणी गेलं तर थेट फुप्फुसात, म्हणून पोहणं कायमचं बंद. साधी शिट्टी फुंकायलाही तोंडात वारा येत नव्हता.

राधेश्यामचं जालन्यात बियाण्यांचं दुकान, मुझफ्फरचं टायरचं. पन्नाशीला आलेल्या दोघांच्या डोक्यात ट्रायथलॉन शिरलं होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सायकल न् पळणं जमत होतं. गाडं अडत होतं पाण्यात.

"विहिरीत शिकलो ना आम्ही," राधेश्याम धापा टाकत म्हणाला. "तिथं डोकं खाली घातलं की वरून कोन्हीतरी अंगावर उडी मारायचं. ती सवयच जाईना."

"इथं कोण उडी मारतंय? भाभी आल्या का?" मुझफ्फर म्हणाला.

सर हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

आवाज होता तेव्हा ते सांगायचे, "कीर्तनात चाल म्हणणारा श्वास घेतोच की; पण कुठं घेतला ते ऐकणाराला कळत न्हाई. पाण्यात तसा घ्या. डोकं उचलू नका. अंग कुशीवर वळू द्या, तोंड आपोआप बाहेर येतंय." कुंभार पिंपळगावच्या सप्ताहात महाराजांच्या मागे उभं राहून त्यांनी तरुणपणापासून चाली म्हटल्या होत्या. त्यांनी सूर लावला की मांडवाबाहेर चपला सांभाळत बसलेली माणसंही टाळी धरत.

आवाज गेला आणि त्यांनी तलावावर टाळ आणला. पाण्यात बुडवून वाजवला तर कान पाण्याखाली असलेल्यालाही खणखणीत ऐकू येतो, हे त्यांना करून बघताना सापडलं. पहिल्या दिवशी टाळ कपाळाला लावून ते कितीतरी वेळ बसले होते. ज्याच्यावर देवाचं नाव घेतलं तो क्लोरिनच्या पाण्यात घालायचा? मग हात जोडले आणि बुडवला. एका ठोक्याला एक हात. त्या टाळावर ते पुन्हा सर झाले होते. टाळ चालला नाही तर घरी बसायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी टाळाच्या लयीत पाच-सहा जण पोहत होते. सुमेधा उथळ टोकाला काठावर बसून मुझफ्फरचं कोपर वर धरून दाखवत होती. खोल टोकाला राधेश्यामने श्वासासाठी सवयीने डोकं उचललं, कंबर खाली गेली, तोंडात पाणी आलं. बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचे दोन्ही हात नुसते पाणी खाली दाबू लागले.

सरांनी पाहिलं. तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्यांनी टाळ कडाडून वाजवला. पोहणाऱ्यांनी वेग वाढवला.

"सर तर आज काल्याच्या कीर्तनावानी वाजवून राह्यले!" सुमेधा मागे न बघताच हसली.

सरांनी आणखी जोरात वाजवला. हात आणखी जोरात पडू लागले. पाणी उसळलं, आणि त्या उसळीत राधेश्यामचं डोकं दिसेनासं झालं.

सर शिडी उतरले. कमरेला पाणी, छातीला पाणी. डावा तळवा गळ्यावर घट्ट दाबून त्यांनी उजवा हात लांबवला. पोचला नाही. ते आणखी एक पायरी उतरले.

"सुमेधा! सर पाण्यात!" मुझफ्फर किंचाळला.

ती धावत आली, सरांचं बखोट धरलं. त्यांनी तिचा हात झिडकारून बोट दाखवलं. तेव्हा तिला राधेश्याम दिसला.

तिने त्याला वर काढला. काठावर पालथा पडून तो खूप खोकला, मग उठून बसला. "काही न्हाई झालं. दोन घोट गेले. पण सर, तुम्ही कशाला उतरले? जिवावर उदार झाले का?"

सर खोकत होते. भिजलेलं फडकं गळ्याला चिकटत होतं, सुटत होतं.

खोकला थांबल्यावर त्यांनी काठावरची आपली खुर्ची उचलली आणि तलावाच्या कठड्याबाहेर, पालकांच्या बाकाशेजारी नेऊन ठेवली.

"सर, हे काय करून राह्यले?" सुमेधा त्यांच्यामागे धावली. "कोणी काही म्हणलं का तुम्हाला?"

तिला वाचता यावेत म्हणून त्यांनी ओठ सावकाश हलवले. मला हाक मारता येत नाही.

"मी मारीन ना! मी आहे ना!"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती गप्प होईपर्यंत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले. आपल्या खुर्चीत बसले. मुझफ्फर एक फेरी मारून काठाला लागला, चष्मा कपाळावर सरकवून नेहमीच्या जागी बघू लागला. मग त्याला ते कठड्यापलीकडे दिसले.

"सर! आज हात बराबर पडून राह्यला का?"

तिथून पाण्यावर नुसतं ऊन दिसत होतं. पाण्याखालचा हात दिसत नव्हता. सरांनी सुमेधाकडे बोट दाखवलं.