डेसचे चौदा सेकंद

डेस थॅकरेंनी फुफ्फुसांच्या चाचणीची नळी तोंडात धरली आणि मी ओरडले, "फुंका! जोरात! अजून, अजून!"

त्यांनी मात्र त्यांचं ते छोटं पितळी कॉर्नेट वाजवावं तशी हवा जपून, बेताबेताने सोडली. खाणकामगारांच्या बँडमध्ये पन्नास वर्षं काढलेला माणूस, सवय कुठली जायला! चाचणी वाया गेली.

"अहो, सूर नकोय मला. पहिल्याच सेकंदात सगळं बाहेर फेका."

"असं फुंकलं तर बँडमास्तर हाकलून देईल, पोरी."

एरवी मी हसले असते. दवाखान्यात मी नर्स, पण बँडमध्ये कॉर्नेट घेऊन यांच्याच शेजारी बसते. येत्या रविवारी, खाणीत जीव गेलेल्यांच्या स्मरणाला, दरवर्षीसारखे डेस एकटे वाजवणार होते. आणि गेले सहा महिने त्यांचा लांब सूर शेवटी तुटत होता. मीच हात धुऊन मागे लागून त्यांना इथे आणलं. दुखणं दम्याचंच निघू दे, एवढंच मागत होते. दम्याची छाती औषधाने मोकळी होते.

पुढच्या खेपेला त्यांनी खरंच जोर लावला. चेहरा लालबुंद. मी सेकंद मोजत होते. सहा... दहा... चौदा!

"बघितलंस?" ते धापा टाकत म्हणाले. "चौदा! गावात आहे का कुणाची अशी छाती?"

मी आकडा लिहून घेतला. धडधाकट छाती सहा सेकंदांत रिकामी होते. श्वासनळ्या अरुंद झाल्या की हवा अशी रेंगाळते. मेलं यांचं कौतुक!

आणखी दोनदा फुंकून घेतलं, तरी तेच. मग पंपाचं औषध दिलं आणि पंधरा मिनिटं थांबलो. डेस रविवारची धून गुणगुणू लागले आणि अर्ध्या ओळीतच थांबले. मी कागद चाळल्यासारखं केलं.

पुन्हा चाचणी. आकडा जागचा हलला नाही. पहिल्या सेकंदात निम्मीही हवा बाहेर येत नव्हती.

"चौदा चांगले नाहीत ना?" त्यांनी माझा चेहरा वाचला होता.

"नाहीत, डेस. दमा वाटत नाही हा. डॉक्टर नीट सांगतील, पण झीज कायमची दिसतेय. पंप मिळेल, व्यायाम शिकवतील. गेलेलं मात्र परत येणार नाही."

"वाजवणं बंद?"

"छे! वाजवा. पण तो शेवटचा लांब सूर..."

"तालमीत तो तूच धरतेस, माझा तुटला की, हळूच. मी काय बहिरा आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मला वाटत होतं, कुणाला कळत नाहीये.

"रविवारी चोरून धरू नकोस," डेस कोट चढवत म्हणाले. "माझ्या शेजारी उभी राहा, आणि सगळ्यांसमोर वाजव."