वातीच्या कापसाची परीक्षा

मले शुगर हाये, हे साऱ्या केळझरले माहीत हाये. कोणाच्या घरी गेली की चहाच्या आधी मी तेच सांगते. पण मी गिटार वाजवते म्हटलं की बाया पदर तोंडाले लावतात. लावा म्हणा, माहं काय जाते.

माह्या पोरानं, अनुपनं, कॉलेजात हौसेनं घेतलेली ती गिटार खुंटीवर धूळ खात होती. वांगे-टमाटे विकता विकता माहा जन्म गेला. आता मळा तोच पाह्यते, म्हणून मी गिटार खाली काढली आणि मोबाइलवर पाहून पाहून भजनं बसवली. साऱ्या जन्मात स्वतःसाठी केलेली ही पहिलीच गोष्ट. संकष्टीले देवळात वाजवते म्हणून भजनी मंडळाच्या बायांले कबूल करून बसली होती.

आणि ऐन उन्हाळ्यात डाव्या हाताचं बोट कापलं. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्यायले फ्रेट म्हणतात. त्यायचे टोकं दोन्ही बाजूनं बाहेर आलते. हात वरून खाली सरकवला की बोट सोलून निघे. शुगरवाल्याचं बोट ते, चिघळत गेलं. सेलूच्या डॉक्टरनं साफ सांगतलं, "पुन्हा कापलं तर गिटार बंद." मलमपट्टी रुचिका करे, माही सून. तिनं ते ऐकलं आणि घरी आल्याबरोबर गिटार कपाटात ठेवून चावी कमरेले खोचली.

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाई. भाजीत मीठ बरोबर असलं तरी मी कमी हाये म्हणे.

तिसऱ्या दिवशी तिनं वर्ध्याच्या नीरजले फोन लावला. त्याचं वाद्यं दुरुस्त कराचं दुकान हाये. तो म्हणे, हातात काम लय हाये, संकष्टीच्या आत जमणार नाई. मग रुचिकानं त्याच्याकडूनच रीत समजून घेतली. तारा ढिल्या करा, लाकडावर टेप चिकटवा, टोकं कानशीनं लाकडाच्या बरोबरीत आणा, मग बारीक कानशीनं कोपरे गोल करा, शेवटी पॉलिश पेपर.

"नखं घासतोच ना आपण, आई," ती मले म्हणे. समोरच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर हाये. तिथंच कूलरसमोर बसून तिनं सारे टोकं घासले. हात फिरवला तर लोण्यासारखं गुळगुळीत. मी खूश.

दुसऱ्या दिवशी गिटार ओसरीत ठेवली. दिवसभर गरम वारा वाहून राह्यला होता. संध्याकाळी हातात घेतली तर टोकं पुन्हा बाहेर. माहं डोकं फिरलं. "झालं," मी म्हटलं, "पार्लरवाली झाली मिस्तरी." रुचिकानं फोन लावला, आणि नीरज तिकडून हसून राह्यला होता.

"ताई, कूलरसमोर घासली काय? कूलरच्या ओल्या हवेत लाकूड फुगून राह्यते. कोरड्या हवेत आकसते. धातू तेवढाच्या तेवढाच. टोकं बाहेर येतीलच ना."

आता आमच्याकडं मे महिन्यात कूलर सोडून कोण बसते? रुचिका बसली. गिटार कांद्याच्या खोलीत ठेवली, तिथं सावली हाये आणि हवा कोरडी. लाकूड पुरतं सुकू दिलं. मग पार्लरमधून मोकळी झाली की कांद्याच्या ढिगाजवळ बसून घासाची. लग्नसराईचे दिवस, बाया पार्लरच्या दारात ताटकळत. घामानं ओलीचिंब पोरगी, आणि मी दारातून विचारे, "किती वेळ व?" ती म्हणे, "तुमी कूलरसमोर बसा."

एके दुपारी मी वाती वळून राह्यली होती, बोट एव्हाना कसंबसं भरलं होतं. रुचिका आली, माह्या पुढ्यातला कापसाचा पुंजका उचलला आणि गिटारच्या मानेच्या काठाकाठानं ओढत नेला. दोन-तीन टोकायवर कापसाचे तंतू अडकले. तिथं तिनं पुन्हा कानस फिरवली आणि कापूस पुन्हा ओढला. दोन्ही काठानं वरपासून खालपर्यंत कुठंच अडकला नाई.

"घ्या आई, आता वाजवा."

गिटार घेता घेता मी तिचा हात पाह्यला. बोटाबोटाले पट्ट्या.

"हे काय करून ठेवलं?"

"कापसाचं आज सुचलं. इतके दिवस बोटानंच पाहून राह्यली होती, कुठं टोचते ते."

"काऊन व? मले सांगाचं ना, मी पाह्यलं असतं."

"तुमचं बोट लवकर भरत नाई, आई," ती म्हणे. "माहं भरते."

मी गिटार बाजूले ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. माह्या मायनं माहे एवढे लाड केले नव्हते, खरं सांगते.

संकष्टीले देवळात पहिलंच भजन मी वाजवलं. हात वरून खाली सरकला, कुठं अडला नाई. समोर रुचिका बाकीच्या बायांसंगं टाळ्यांचा ताल देऊन राह्यली होती, त्याच पट्टीच्या बोटांनी.

आता कोणाकडं गेली की चहाच्या आधी मी सुनेचं सांगते. शुगरचं मग, चहात साखर पडली की आठवते.