गादीवाल्याच्या दारातली बाई

माझी धाकटी जाऊ दोऱ्याचं रीळ आणायला जाते आणि येताना अख्खा बाजार तोंडात घेऊन येते. न्हाव्याकडचं गिऱ्हाईक म्हणे अर्ध्या दाढीनिशी भांडायला उठलं! तोच रस्ता, तीच दुकानं. मी वर्षानुवर्षं जाते, माझ्यावर मेलं कुत्रंसुद्धा कधी भुंकलं नाही.

त्याचंही मला काही नव्हतं. पण माझी लेक, माझ्या पोटची पोर, शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकते आणि काकूच्या खोलीत पळते. "काकू, आज काय झालं?" मला कधी विचारलं नाही. नुसता जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू?

म्हटलं, ही बया थापा मारते. एकदा हिचं पितळ उघडं पाडलं की पोर आपसूक माझ्याकडे येईल. म्हणून आज ती पिशवी घेऊन निघाली तशी मीही मागोमाग निघाले. ती शिंप्याकडे थांबली, तेव्हा मी समोरच्या गादीवाल्याच्या दारात उभ्या केलेल्या गाद्यांमागे सटकले. तिची पाठ क्षणभरही नजरेआड होऊ दिली नाही. आणि झालं काय? कप्पाळ! तिने बटणं घेतली आणि घरी आली.

संध्याकाळी मी मुद्दाम तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ऐकू तर दे, काय रचते ते.

"अगं, आज गादीवाल्याकडे एक बाई लपली होती," जाऊ लेकीला सांगत होती. "शिंप्याच्या आरशात मला सगळं दिसत होतं. केसांत हा एवढा कापूस! कुणाच्या तरी पाळतीवर असावी. आणि तिच्या कोपराला लागून काय चाललंय, याचा तिला पत्ताच नाही!"

माझा हात आपोआप केसांकडे गेला.

"कोण होती गं?" पोरीचे डोळे एवढाले झाले होते.

"कोण जाणे." जावेने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मला सांभाळून घेतलं, याचाच मला जास्त राग आला.

"ती मी होते," मी म्हणाले.

लेक गर्रकन वळली आणि माझ्यासाठी सरकून बसली. "खरंच? आई, मग सांग ना! काय चाललं होतं तिथे?"

मी तोंड उघडलं. मला फक्त जावेची पाठ आठवत होती.

"काहीतरीच तुझं," म्हणत लेक पुन्हा तिकडे वळली. "काकू, तू सांग."