मन भरेपर्यंत ट्रायल

“पळाली! लिहून देतो, तुमची पोरगी माझी स्कूटर घेऊन पळाली!” वकीलसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. लिहून देणं हा त्यांचा धंदाच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण मीही चारदा गॅरेजच्या दारात जाऊन रस्ता बघून आलो होतो. दहा मिनिटांच्या ट्रायलला सव्वा तास झाला होता.

पोरगी आमच्या हिनं माझ्या गळ्यात मारलेली. ही आधारगृहात शिवण शिकवते. मामानं कामाला लावतो म्हणून नेऊन विकलेली पोर, चार वर्षं खोलीला बाहेरून कुलूप. तिथून सुटली, तर आधारगृहात तिला मेणबत्त्या करायला बसवलं. ती म्हणाली, “परत खोलीतच?” आणि माझ्या गॅरेजात काम मागून बसली. मी म्हटलं, इथं हात काळे होतात. ही म्हणाली, “तिचे हात ती बघेल, तुम्ही तोंड आवरा.”

सहा महिन्यांत पोरगी अशी तयार झाली की नटबोल्ट इकडेतिकडे टाकले म्हणून मलाच ओरडायला लागली! आज संध्याकाळी आधारगृहाच्या ताई येणार होत्या. मी हो म्हटलं तर ती इथं कायम, नाहीतर पुन्हा मेणबत्त्या. लायसन्सही परवाच आलेलं. आमच्याकडे नियम आहे, ज्याचा पाना त्याची ट्रायल, आणि वकीलसाहेबांच्या स्कूटरचा ब्रेक तिनंच दुरुस्त केलेला. तिनं विचारलं, “किती लांब जाऊ?” इंजिनात डोकं घालून मी म्हणालो, “मन भरेपर्यंत.” जीभ माझीच, दोष कुणाला देणार?

“पोलिसांत जातो मी!”

“चहा घेऊन जा,” मी म्हटलं. तो त्यांचा तिसरा कप. स्कूटर गेली खड्ड्यात, मला त्या मामाची भीती वाटत होती. कुठल्या वळणावर भेटला तर?

तेवढ्यात स्कूटर दारात आली.

“मागचा ब्रेक अजून थोडा धरतोय, काका.”

“अगं भवाने, होतीस कुठे?”

“चौकात गेले. डावीकडे जावंसं वाटलं, गेले. मग उजवीकडे. काका, एकानंसुद्धा विचारलं नाही, कुठे चाललीस म्हणून!”

आणि मी शहाण्यानं पहिलं तेच विचारलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आणि माझं पेट्रोल?” वकीलसाहेबांचा आवाज उतरला होता.

“टाकी भरून आणलीय.”

त्यांनी झाकण उघडून वास घेऊन खात्री केली. वकीलच ते.

संध्याकाळी ताई आल्या. तासाभराच्या ट्रायलची बातमी त्यांच्या कानावर गेलीच होती.

“ठेवून घ्याल ना तिला?”

“घेतली.”

“पण एकटीला बाहेर सोडायचं म्हणजे...”

“सोडायला ती काय बांधलेली आहे?” माझा आवाज नको तेवढा चढला.

पोरगी कोपऱ्यात हात धूत होती. नळ तिनं केव्हाच बंद केला होता, तरी आमच्याकडे पाठ करून तशीच उभी राहिली.